झिग झिगलर: घोषणा पोचल्या, कसब मागे राहिलं

प्रश्न असा आला आहे: "मी जालन्यात ठिबक सिंचनाच्या एका डीलरकडे विक्री प्रतिनिधी आहे. कंपनीच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये झिग झिगलर यांचं नाव निघतं, त्यांची वाक्यं पडद्यावर दाखवतात. हा माणूस नेमका कोण होता? अमेरिकेत भांडी विकणाऱ्याचं पुस्तक वाचून अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्याला काही विकता येतं का, की हे सगळं टाळ्यांपुरतंच?"

विकता येतं. पण पडद्यावर दाखवतात त्या वाक्यांच्या जोरावर नाही. मी आधी ठिबक विकलं, मग ट्रॅक्टर, आणि आता बरीच वर्षं छत्रपती संभाजीनगरला राहून मराठवाड्यातल्या विक्रीच्या पोरांना शिकवतोय. माझं मत असं झालंय की आपल्याकडे झिगलर अर्धाच पोचला. त्याच्या घोषणा पोचल्या, कसब तिकडेच राहिलं. दोष त्याचाही थोडा आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी माणूस कोण ते. भांड्यांचा विक्रेता, पुढे विक्री आणि प्रेरणा या विषयांवरचा अमेरिकेतला गाजलेला वक्ता आणि लेखक. पूर्ण नाव हिलरी हिंटन झिगलर. जन्म ६ नोव्हेंबर १९२६, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातली कॉफी काउंटी. बारा भावंडांत दहावा. वडिलांना मिसिसिपी राज्यात एका शेतावर देखरेखीची नोकरी मिळाली म्हणून १९३१ मध्ये बिऱ्हाड याझू सिटी या गावी आलं. पुढच्याच वर्षी वडील पक्षाघाताने गेले आणि दोन दिवसांनी धाकटी बहीणही गेली. काळ महामंदीचा, आई एकटी, पदरात लेकरं. झिगलर शाळेत असतानाच किराणा दुकानात काम करायचा, रस्त्यावर शेंगदाणे विकायचा. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या प्रशिक्षण योजनेत गेला, काही काळ साऊथ कॅरोलायना विद्यापीठात शिकला, पण पदवी घेतली नाही. १९४६ मध्ये जीनशी लग्न झालं. त्यानंतर पोटासाठी धरलेला धंदा म्हणजे घरोघरी जाऊन स्वयंपाकाची भांडी विकणं.

पहिली अडीच वर्षं हाल होते. पहिल्या मुलीच्या जन्मानंतर हॉस्पिटलचं बिल भरायलाही आधी बाहेर पडून भांडी विकावी लागली, असं तो स्वतःच सांगायचा. मग त्याच्या आयुष्यातला तो प्रसिद्ध प्रसंग येतो. कंपनीचे एक वरिष्ठ, पी. सी. मेरेल, यांनी एका प्रशिक्षणानंतर त्याला बाजूला घेतलं. तुझ्यात मोठं होण्याची धमक आहे, तू स्वतःला वाया घालवतोयस, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. झिगलरच्या सांगण्याप्रमाणे त्या वर्षअखेर तो कंपनीच्या सात हजारांहून जास्त विक्रेत्यांत दुसरा आला.

आपल्याकडचे ट्रेनर ही गोष्ट इथेच तोडतात. दिवे मंद होतात, संगीत वाढतं, आणि "तुमच्या आयुष्यातला मेरेल कोण?" असा प्रश्न येतो. पण झिगलर पुढे जे सांगायचा ते कुणी सांगत नाही. ग्राहक शोधायचा कसा, वेळ कशी घ्यायची, भांडी दाखवायची कशी, आडकाठी आली तर काय बोलायचं, हे सगळं त्याला तोवर शिकवून झालं होतं. विक्रेता तयार होता, माणूस तयार नव्हता, असं त्याचं म्हणणं. म्हणजे मेरेलचं बोलणं कामाला आलं, कारण अडीच वर्षांची पायपीट आधी झालेली होती. ज्या पोराला लॅटरलमधलं, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या नळीवरच्या पाणी ठिबकवणाऱ्या ड्रिपरचं अंतर जमिनीच्या पोताप्रमाणे का बदलतं हे सांगता येत नाही, त्याला मेरेल भेटला काय आणि न भेटला काय.

बाकीचं चरित्र झपाट्याने सांगतो. १९६८ मध्ये तो डॅलसला एका कंपनीत प्रशिक्षण प्रमुख म्हणून गेला आणि दोनेक वर्षांत ती कंपनी बुडाली. मग तो पूर्णवेळ व्याख्यानं द्यायला लागला. १९७४ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने 'बिस्किट्स, फ्लीज अँड पंप हँडल्स' नावाचं पुस्तक छापलं. तेच पुढे १९७५ मध्ये 'सी यू अॅट द टॉप' म्हणून आलं. ते आधी ३९ प्रकाशकांनी नाकारलं होतं असं सांगतात. १९८४ मध्ये 'सिक्रेट्स ऑफ क्लोजिंग द सेल' आणि १९९१ मध्ये 'झिगलर ऑन सेलिंग'. एकूण तीसेक पुस्तकं. व्यासपीठावर तो दक्षिणी हेल काढून बोलायचा, भर भाषणात स्टेजच्या कडेला गुडघ्यावर बसायचा. १९९५ मध्ये थोरली मुलगी सुझन फुप्फुसाच्या आजाराने गेली. त्या दुःखावर त्याने लिहिलेलं पुस्तक विक्रीचा 'व'सुद्धा न काढणारं आहे, आणि माणूस म्हणून तो मला त्यातच सगळ्यात खरा वाटतो. २००७ मध्ये घरातल्या जिन्यावरून पडून डोक्याला मार बसला, ताज्या गोष्टी लक्षात राहीनात. तरी मुलगी ज्युली शेजारी बसून प्रश्न विचारायची आणि तो उत्तरं द्यायचा, असे कार्यक्रम २०१० पर्यंत चालले. २८ नोव्हेंबर २०१२ रोजी टेक्सासमधल्या प्लेनो इथे न्यूमोनियाने गेला. कंपनी आता मुलगा टॉम चालवतो. मार्केटिंगवर लिहिणारा सेथ गोडिन आणि कर्जमुक्तीवर बोलणारा डेव्ह रॅमसी, हे दोघं झिगलरचं ऋण उघड मानतात.

आता कामाचं.

झिगलरचं सगळं शास्त्र स्वयंपाकघरात तयार झालं. भांडी विकायची पद्धत अशी होती की एखाद्या घरी जायचं, तिथेच स्वयंपाक करायचा, चार जोडप्यांना बोलावून जेवू घालायचं आणि मग भांड्यांविषयी बोलायचं. नवरा-बायको दोघंही समोर, पदार्थ ताटात, भांडं हातात. त्याच्या पुस्तकांतल्या निम्म्या युक्त्या या प्रसंगाला धरून आहेत. कॉन्फरन्स हॉलमध्ये एसी लावून त्या शिकवल्या की पोकळ वाटतात. शिवारात नेल्या की चालतात, कारण आपलाही धंदा दाखवण्याचाच आहे.

जालन्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तुमच्या गावात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्याची कंपनी सुरू केली. त्याआधी ते 'पुसा सावनी' या भेंडीचं बियाणं स्वतःच्या शेतात घेत होते. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. त्या काळापासून जालन्याचा बियाण्याचा धंदा उभा राहिला तो प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर आणि शिवारफेरीवर. पोस्टर नंतर आली. शेजारच्या बांधावर उभं पीक दिसल्याशिवाय आपला शेतकरी पिशवीला हात लावत नाही. बियाणं विकणाऱ्या पोरांना मी एकच प्रात्यक्षिक करायला सांगतो. सोयाबीनच्या पिशवीतले १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून शेतकऱ्याच्याच घरी ठेवायचे आणि पाच-सात दिवसांनी येऊन त्याच्याच हाताने मोजायला लावायचे. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं प्रमाणात बसतं. त्या दुसऱ्या भेटीत बोलावंच लागत नाही. ठिबकवाल्यांसाठी याच जातीचं काम म्हणजे चालू असलेल्या जुन्या संचाच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली डबा ठेवून तासाभराचं पाणी मोजून दाखवणं. खर्च शून्य, पण करतंय कोण?

झिगलरची एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. भांडी विकणारा त्याचा एक सहकारी होता, धंदा होत नाही म्हणून रडायचा. झिगलरने विचारलं, तुझ्या स्वतःच्या घरी हा संच आहे का? नव्हता. घेईन पुढे, सध्या अडचण आहे, अशी कारणं सुरू झाली. गंमत अशी की गिऱ्हाईक त्याला हीच कारणं देत होती आणि त्याला ती मनातून पटत होती, म्हणून तो गप्प बसायचा. त्याने संच घेतला आणि धंदा सुरू झाला. आता आपल्याकडे बघा. विक्रीची निम्मी पोरं शेतकऱ्याच्या घरचीच असतात. वडिलांच्या पाच एकरात पाटपाणी आणि पोरगा दुसऱ्याला ठिबक सांगत फिरतोय, हे मी किती वेळा पाहिलंय. चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतोच, "तुमच्या रानात बसवलाव का?" त्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथून पुढचं सगळं कौशल्य वाया.

झिगलरने सांगितलेल्या पाच अडथळ्यांवर जरा थांबायला हवं, कारण मला त्याची सर्वांत मोठी देणगी तीच वाटते. विक्री अडते ती पाच ठिकाणी: गरज नाही, पैसा नाही, घाई नाही, इच्छा नाही, विश्वास नाही. यादी अमेरिकन आहे. मराठवाड्यात तिचे अर्थ बदलून घ्यावे लागतात.

गरज आपल्याकडे नाही असं सहसा नसतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात ठिबकची गरज पटवायला भाषण लागत नाही. पण ज्या वर्षी गोदावरीकाठी पाणी भरपूर असतं, त्या वर्षी तोच माणूस म्हणतो, "सध्या तर पाणी हाय." त्याला दुष्काळाची भीती घालण्यात अर्थ नाही, ती त्याने तुमच्यापेक्षा जास्त पाहिली आहे. तिथे विद्राव्य खत, मजुरी, तण, रात्रीच्या विजेवर दारं धरायची कटकट, यावर बोला. गरज तीच, दार दुसरं.

पैसा. झिगलरच्या गिऱ्हाइकाला आठवड्याला पगार मिळत होता. आपला पैसा वर्षातून दोनदा येतो: दिवाळीच्या आसपास सोयाबीन आणि कापूस विकल्यावर, आणि मग हरभरा निघाल्यावर. जूनमध्ये पेरणी तोंडावर असताना "पैसा नाही" हे शंभर टक्के खरं उत्तर असतं. त्याला आडकाठी समजून त्यावर युक्ती वापरणं हा उद्धटपणा आहे. अशा वेळी वहीत नाव आणि महिना लिहायचा आणि त्या महिन्यात हजर व्हायचं. उधारीबद्दलही बोलतो. कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर आपला निम्मा बाजार चालतो, आणि झिगलरमध्ये उधारीवर ओळसुद्धा नाही. ती तुम्हाला जालन्याच्या जुन्या व्यापाऱ्याकडून शिकावी लागेल. कुणाला किती द्यायची, वसुलीला कधी जायचं, आणि लग्न किंवा मयत असलेल्या घरी वसुलीचा शब्द कसा काढायचा नाही.

घाई नाही. इथे अमेरिकन पुस्तकं म्हणतात की घाई निर्माण करा, आज शेवटची तारीख आहे सांगा. आपल्याकडे खोटी शेवटची तारीख एकदाच चालते, कारण दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात चार गावची माणसं भेटतात. पण खरी घाई भरपूर उपलब्ध आहे. ठिबकच्या सरकारी अनुदानाचा अर्ज ऑनलाइन जातो, पूर्वसंमती मिळेपर्यंत वेळ लागतो, आणि संमतीच्या आधी संच घेतला तर अनुदान अडकतं. म्हणजे उन्हाळ्यात लावण हवी असेल तर हालचाल कितीतरी आधी करावी लागते. हे उलटं गणित शेतकऱ्यासमोर कागदावर मांडा. घाई आपोआप दिसते, तुम्हाला ओरडावं लागत नाही.

इच्छा नाही, यावर मी फार वेळ घालवत नाही. ज्याला नको त्याला नको.

विश्वास मात्र पाचवा नसून पहिला लिहायला हवा होता. बोगस बियाणं, गायब झालेले एजंट, बुडालेल्या पतसंस्था, अशी मालिका पाहिलेला हा प्रदेश आहे. दारात उभा असलेला इस्त्रीचा शर्ट आणि हातातली बॅग इथे संशयाचं कारण ठरते. झिगलरचं सगळ्यात गाजलेलं वाक्य आहे की दुसऱ्यांना हवं ते मिळवायला तुम्ही पुरेशी मदत केलीत तर तुम्हाला हवं ते मिळेल. पडद्यावर ते छान दिसतं. शिवारात त्याचा अर्थ असा होतो की संच बसवल्यानंतर पहिल्या हंगामात फिल्टर तुंबला, तर फोन उचलायचा आणि जायचं. फिल्टर धुवायला शिकवायचं, नळ्यांत साचलेले क्षार काढणारी ॲसिड ट्रीटमेंट कशी करायची ते उभं राहून दाखवायचं. या भेटीला कमिशन नाही. मला माहीत असलेले मराठवाड्यातले सर्वांत जास्त धंदा करणारे विक्रेते याच भेटींवर जगतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी झिगलरचं नावही ऐकलेलं नाही.

आता त्याच्या पंपाची गोष्ट, कारण तुमच्या ट्रेनिंगमध्ये ती येणारच. झिगलर व्यासपीठावर जुन्या धाटणीचा, चकाकी दिलेला हातपंप घेऊन यायचा. दांडा हलवत सांगायचा की आधी वरून थोडं पाणी ओतावं लागतं, मग हापसत राहावं लागतं, आणि पाणी अगदी तोंडाशी आलं असताना लोक कंटाळून सोडतात. टाळ्या पडायच्या.

जालन्याच्या माणसाने ही गोष्ट जरा डोळे उघडे ठेवून ऐकावी. झिगलरचा पंप वरून शोषून घेणारा, जेमतेम सात मीटर खोलीच्या पाण्याचा. आपल्या बेसाल्टच्या काळ्या खडकात पाणी त्याहून खूप खाली. म्हणूनच १९६० च्या दशकाच्या अखेरीस जालन्यातल्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी खोल बोअरसाठी मजबूत हातपंप तयार केला. त्यात सुधारणा होऊन सोलापूरचा पंप आला, आणि त्यावरून १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू', जो पुढे देशभर आणि परदेशातही गेला. या पंपाचं सिलिंडर खाली पाण्यातच असतं, त्यात वरून काही ओतावं लागत नाही. म्हणजे त्याची उपमा तुमच्या गावच्या पंपाला लागू पडत नाही. दुसरं असं की आपण कोरडे बोअर पाहिलेत. पाचशे फूट जाऊन फक्त धुरळा निघालेला. तिथे कितीही हापसा, काही येत नाही. चिकाटी चांगली, पण खाली पाणी आहे की नाही हे आधी बघायला नको?

विशेष म्हणजे झिगलरने स्वतः हे लिहिलंय, फक्त ते भाषणात आलं नाही. 'झिगलर ऑन सेलिंग'मध्ये तो खरा गिऱ्हाईक आणि नुसता वाटणारा गिऱ्हाईक यांत स्पष्ट फरक करतो. ज्याला गरज आहे, ऐपत आहे आणि निर्णय घेण्याचा अधिकार आहे तोच खरा. सातबारा कुणाच्या नावावर आहे, विहिरीला वीज जोडणी आहे का, जमीन सामाईक आहे का, हे पहिल्या भेटीत काढलं नाही तर महिनाभर तुम्ही कोरडा बोअर हापसताय. आणि "घरात इचारून सांगतो" म्हणणारा माणूस दर वेळी टाळत नसतो. अनेक घरांत वडील, थोरला भाऊ आणि व्यवहार सांभाळणारी बाई या तिघांचं एकमत झाल्याशिवाय पैसा हलत नाही. झिगलर जोडप्याला एकत्र बसवायचा ते याच कारणाने. तेव्हा "मग संध्याकाळी सगळे असताना येतो, काकू पण असतील ना?" एवढं म्हणा आणि निघा.

किंमत आणि खर्च यांतला त्याने सांगितलेला फरक जशाच्या तसा उचलण्यासारखा आहे. मुलासाठी त्याने स्वस्तातली सायकल घेतली आणि दुरुस्तीत ती महागातल्या चांगल्या सायकलपेक्षा जास्त पडली. किंमत एकदाच द्यायची असते, खर्च वस्तू असेपर्यंत चालू राहतो. बिगर आयएसआय नळी आणि आयएसआय नळी यांच्यात शेतकरी अडकतो तेव्हा हेच सांगायचं. मात्र झिगलर आणि त्याच्या पिढीचे विक्रेते किंमत दिवसावर फोडायचे: रोजचे फक्त एवढे सेंट. शेतकऱ्याला रोजची मिळकत नसते, त्यामुळे "दिवसाला फक्त साडेपाच रुपये" हे त्याला शहरी बनवाबनवी वाटते. त्याच्या मापात फोडा. समजा एकरी फरक १४,००० रुपयांचा आहे आणि चांगली नळी ७ वर्षं चालते. वर्षाला २,००० रुपये. सोयाबीन ५,००० रुपये क्विंटल धरलं तर हे झालं ४० किलो. एकरी वर्षाकाठी ४० किलो सोयाबीन जास्त देऊन पाच-सहा वर्षांची डोकेदुखी वाचते का, एवढाच प्रश्न. तो गणित तुमच्यापेक्षा लवकर करतो.

शेवटच्या टप्प्याच्या, म्हणजे सौदा पक्का करण्याच्या युक्त्यांबद्दल मी सावध आहे. १९८४ च्या त्या पुस्तकात त्यांची मोठी मांडणी आहे आणि कंपन्यांना तीच आवडते. पण १९८८ मध्ये नील रॅकहॅम या संशोधकाचं 'स्पिन सेलिंग' आलं. त्याच्या चमूने बारा वर्षांत ३५,००० विक्रीभेटी पाहिल्या आणि काढलेला निष्कर्ष असा की अशा युक्त्या छोट्या खरेदीत चालतात, मोठ्या खरेदीत उलट नुकसान करतात. मोठ्या खरेदीत काम करतात ते योग्य क्रमाने विचारलेले प्रश्न. माझा अनुभव याच्याशी जुळतो. फवारणी पंप विकायला झिगलर पुरतो. ट्रॅक्टर, पाच एकराचं ठिबक, शेडनेट, यांत दाबून सही घेतली तर ती बुकिंग आठ दिवसांत रद्द होते, वर गावात नाव खराब. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारा दलालसुद्धा घेणाऱ्याला गुरं फिरवून, दात मोजून बघायला वेळ देतो.

आता झिगलरच्या वारशातली काळी बाजू. 'सी यू अॅट द टॉप'मध्ये स्वप्रतिमा, माणसांशी संबंध, ध्येय, दृष्टिकोन, काम आणि तळमळ अशा सहा पायऱ्या आहेत. आपल्या ट्रेनरांनी यातलं 'काम' वगळून बाकीचं उचललं. येल विद्यापीठातल्या १९५३ च्या विद्यार्थ्यांपैकी ज्या ३ टक्क्यांनी ध्येय लिहून ठेवलं होतं त्यांनी पुढे बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त संपत्ती मिळवली, ही कथा तुम्ही ऐकली असेल. झिगलरसकट अनेक वक्त्यांनी ती सांगितली. असा अभ्यास कधी झालाच नव्हता, हे १९९६ मध्येच उघड झालंय. तरी संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या हॉटेलांच्या हॉलमध्ये ती अजून ऐकवली जाते. ध्येय लिहा जरूर, येलचा दाखला देऊ नका.

साखळी पद्धतीच्या धंद्यांनीही त्याची वाक्यं मनसोक्त वापरली. थेट विक्रीच्या मेळाव्यांत तो स्वतः बोलायचा, त्याची पुस्तकं आणि कॅसेट तिथे खपायच्या, त्यामुळे हात झटकता येणार नाहीत. मराठवाड्यात बेकार पदवीधर भरपूर आणि नातेवाइकांचं जाळं घट्ट, म्हणून असल्या योजना इथे पटकन पसरतात आणि मावशी-मामांची घरं तोडून जातात. ओळखायची खूण सोपी आहे: पैसा माल विकून मिळतोय की माणसं जोडून? माणसं जोडून मिळत असेल तर १९७८ च्या मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याने आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी ते बेकायदा आहे, मग पडद्यावर झिगलर असो नाहीतर आणखी कुणी.

त्याचा एक सल्ला मात्र आपल्या परिस्थितीला इतका चपखल आहे की तो वगळता येत नाही. गाडी चालवताना कॅसेट ऐका, गाडीलाच विद्यापीठ करा, असं तो म्हणायचा. तुमची तर दिवसाची कितीतरी किलोमीटर मोटारसायकल होते. गाडीवर कानात काही घालू नका, आमच्या रस्त्यांवर तर नकोच. पण टपरीवर थांबाल तेव्हा स्वतःचंच बोलणं ऐका. आवाजाच्या चढ-उतारावर झिगलरचा भारी जोर होता, आणि स्वतःला रेकॉर्ड करून ऐका हे तो सारखं सांगायचा. शेतकऱ्याची परवानगी घेऊन किंवा घरी भावाला समोर बसवून तुमचं पाच मिनिटांचं सादरीकरण फोनवर टिपा. आपण समोरच्याला किती वेळा तोडतो, "बघा, कसं असतं" किती वेळा म्हणतो, किंमत सांगताना आवाज कसा खाली जातो, हे ऐकल्यावर कळतं. माझ्या वर्गात सर्वांत जास्त फरक या एका गृहपाठाने पडतो.

पुस्तक घ्यायचं तर 'झिगलर ऑन सेलिंग'पासून सुरू करा. त्यात गरज शोधणं, गरजेची जाणीव करून देणं, उपाय दाखवणं आणि ती गरज भागवणं असा चार टप्प्यांचा क्रम आहे, तो तुमच्या कामाला सरळ लागतो. मग 'सिक्रेट्स ऑफ क्लोजिंग द सेल'मधला किंमत, आवाज आणि प्रश्न विचारण्याचा भाग वाचा, युक्त्यांची पानं चाळून सोडा. त्यानंतर रॅकहॅम. 'सी यू अॅट द टॉप' सगळ्यात शेवटी, तेही वेळ असेल तर. आणि या उन्हाळ्यात वडिलांच्या रानात निदान एका एकरावर तुमच्याच कंपनीचा संच बसवून घ्या. डीलरला सांगून पाहा, प्रात्यक्षिकाचा प्लॉट म्हणून काही सवलत मिळते का.